वडाप निघालं आभाळाला

मानवजातीच्या इतिहासात असे काही क्षण येतात, की ज्यांच्यापुढे काळसुद्धा चपला बाहेर काढून उभा राहतो. मैंदर्गीच्या मातीतली एक मुलगी ताऱ्यांच्या दारावर थाप मारायला निघाली, तो क्षण असाच होता. नेमक्या त्याच क्षणी तिचे वडील हिंदुराव अक्कलकोट नाक्यावर जीपच्या पायरीवर उभे होते, आणि आत तेरा माणसं कोंबलेली असताना "रिकामी गाडी, रिकामी गाडी, चला लगीच निगाली" म्हणून ओरडत होते.

हिंदुरावांचा धंदा वडापचा. वेळापत्रक नाही, तिकीट नाही, भरली की सुटायची. मैंदर्गी ते सोलापूर, सोलापूर ते मैंदर्गी, तेवीस वर्षं. जीप नऊ जणांची, हे तिच्या कागदपत्रांत लिहिलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. मागच्या काचेवर मुलीचं नाव रंगवलेलं होतं, 'उत्कर्षा'. ती उत्कर्षा सोलापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि तिचा फोन आला तेव्हा चौदावा प्रवासी एक पाय आत टाकून दुसऱ्या पायासाठी जागा शोधत होता.

"आप्पा, आमचा उपग्रह पास झाला! अवकाशात जाणार!"

"केवडा हाय गं?"

"तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा. वरून शेतातला ओलावा मोजणार."

हिंदुरावांना आनंद झाला, पण माल केवढा हे कळलं की गाडी कोणती हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप निघायचा. "आनि रॉकेट कुनाचं?"

"आपलं नसतं. एक मोठा उपग्रह असतो, रॉकेट त्याच्यासाठीच चाललेलं असतं. त्याच्या आजूबाजूला जी जागा उरते तिथं आमच्यासारखे छोटे बावीस जण बसवतात."

"सुटतंय कवा?"

"मोठ्याची तयारी झाली की."

"आनि उतरवनार कुटं?"

"मोठ्याला जायचंय त्याच्या आसपास. आम्हाला पाहिजे तिथं नाही सोडत."

हिंदुरावांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला. "उत्कर्षे, ह्ये वडाप हाय की!"

"आप्पा, त्याला राइडशेअर म्हणतात."

"म्हनू द्या की. आमीबी पाटीवर 'ट्रॅव्हल्स' लिवलंय. ऐक, उतरताना झटदिशी लांब व्हायला सांग त्याला. न्हायतर मागनं उतरनाऱ्याचा धक्का बसतोय."

हे वाक्य उत्कर्षानं तिच्या अभिमन्यू सरांना सांगितलं आणि सरांनी ते वहीत टिपून घेतलं, असं ती म्हणते. ती हिंदुरावांचीच मुलगी, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्या दिवसापासून जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला अवकाशविज्ञान फुकट मिळू लागलं. कुंभारी येईपर्यंत रॉकेट सुटायचं, वळसंगला मोठं गिऱ्हाईक उतरायचं आणि अक्कलकोटच्या अलीकडे बारकी उतरायची. एका आजीबाईंनी विचारलं, "मग त्यात बायकांला येगळी जागा असती का?" हिंदुराव म्हणाले, "तितं समदी उबी जात्यात, मावशी."

आणि मग एका सोमवारी उत्कर्षाचा पुन्हा फोन आला. ती रडत होती.

"आप्पा, वजन जास्त भरलं. एक किलो तीनशे तीस ग्रॅमच्या वर चालत नाही. आमचं अडतीस ग्रॅम जास्त आहे. गुरुवारपर्यंत कमी केलं नाही तर आमची जागा पुण्याच्या कॉलेजला देणार. त्यांचा तयार बसलाय."

जागा जाण्याचं दुःख एकपट, ती पुण्याला जाण्याचं दुप्पट. हिंदुरावांनी गाडी बाजूला घेतली. "आदी मोजलं नव्हतं व्हय?"

"मोजलं होतं की! बरोबर भरलं होतं. पण पाटी मोजली नव्हती."

आता ही पाटी समजून घ्यायला हवी. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष दिग्विजय मालक. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना, आणि आईवर त्यांची भक्ती अशी की आई गेल्यापासून संस्थेतली एकही वस्तू तिच्या नावाशिवाय राहिली नव्हती. 'मातोश्री गुरम्मा यांच्या स्मरणार्थ' हे शब्द कॉलेजच्या कमानीवर होते, बाकांवर होते, पाण्याच्या टाकीवर होते आणि प्रत्येक पंख्याच्या तिन्ही पात्यांवर होते. उन्हाळ्यात ते फिरून दिसेनासे व्हायचे आणि वीज गेली की मातोश्री पुन्हा प्रकट व्हायच्या. तेव्हा उपग्रहाचा खर्च मालकांनी उचलल्यावर त्याच्या पोटात एक पितळी पाटी बसणार, यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. स्क्रू मोजले, वायरी मोजल्या, डिंकाचे थेंब मोजले. पाटी कुणी मोजली नाही. पाटी म्हणजे मान. मानाला वजन असतं, हे अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते रॉकेटवाल्यांच्या काट्याच्या डोक्यात आलं. पाटी एकसष्ट ग्रॅमची होती.

"मग काडून टाका की."

"सर विचारायला गेले होते. मालक म्हणाले, माझ्या आईला उतरवून पुण्याची पोरं बसवता का? सर हात जोडून परत आले. आप्पा, तीन वर्षं केलंय आम्ही हे."

हिंदुरावांनी जीपमधल्या प्रवाशांकडे बघितलं. अकरा जण होते. "मंडळी, जरा एमआयडीसीतनं जाऊ," ते म्हणाले. सगळे तयार झाले. पोरीचा डबा आभाळात जायचा तर वाकडी वाट करायला कुणाची ना नव्हती. फक्त एकानं, "माझी कोर्टात तारीख हाय," असं सांगून पाहिलं. त्याला, "तारीख पुडं जाती, रॉकेट जात न्हाय," असं उत्तर मिळालं.

कारखान्यात मागांचा खडखडाट चालू होता. केबिनमध्ये दिग्विजय मालक बसले होते आणि त्यांच्या मागं भिंतीवर गुरम्मा, हार घातलेल्या. घरात कानडी, म्हणून मालक आईला अव्वा म्हणायचे.

"पाटीचं बोलायचं असंल तर बसू नका," मालक म्हणाले.

"न्हाय मालक, अभिनंदन करायला आलोय," असं म्हणत हिंदुराव बसले.

तेवीस वर्षांत वडापनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. जड माणसाला 'उतरा' कधीच म्हणायचं नाही. उतरा म्हटलं की तो दांडी धरून बसतो. त्याला म्हणायचं, 'मालक, तुमी ह्या गर्दीत कशाला? मागची गाडी अख्खी तुमचीच हाय.' तो स्वतःच्या पायानं उतरतो, वर आपल्यालाच चहा पाजतो.

"अव्वा आभाळात चालल्या. सोपं काम न्हाय," हिंदुराव म्हणाले. "शेजारी कोन कोन हायेत, चौकशी केली असंल की तुमी."

"कसले शेजारी?"

"बावीस जन हायेत. पोरगी सांगत हुती, अंगाला अंग लावून बसवत्यात. अव्वांच्या डाव्या अंगाला जो हाय, त्यो समुद्रातले मासे हुडकायला चाललाय."

मालकांचा पेन थांबला. गुरम्मांनी हयातभर घरात कांदासुद्धा सोमवारचा येऊ दिला नव्हता.

"मासे?"

"नुसतं मासे. रातंदिस. दुसरा इचारच न्हाय त्याला."

मालकांनी हळूच मागं वळून फोटोकडे बघितलं. फोटो काही बोलला नाही, पण बोलला असता तर कानडीत बोलला असता, हे दोघांनाही कळलं.

"तरीपन," मालक घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अवकाशात नाव अमर होतंय की."

पुढचं सांगावं की नाही, याचा हिंदुरावांनी खरोखर विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मालक, दोन-तीन वर्सांनी त्यो डबा खाली येतोय. येताना जळतोय. राकसुद्दा हाताला लागत न्हाय, असं पोरगी म्हनती. अव्वांना एकदा दिलं की आपन निरोप. परत परत कशाला?"

मालकांनी खिशातून रुमाल काढला. तो त्यांच्याच कारखान्याचा होता, म्हणजे चांगला हातभर होता.

"मग काय करायचं म्हनता?"

"कॉलेजच्या गच्चीवर त्यो अँटेना बसवलाय न्हवं? आभाळातनं जे काय येनार, ते पैलं त्याच्याच कानात येनार. त्यो कुटं जात न्हाय, जळत न्हाय. तितं लावा की अव्वांची पाटी! रस्त्यानं जानाऱ्या-येनाऱ्याला दिसंल. मीच रोज चार येळा बगनार."

मालकांचे डोळे उजळले. "केवडी लावायची?"

आणि इथं, विजयाच्या भरात, हिंदुरावांच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीचा शब्द निघून गेला.

"बसंल तेवडी."

पितळी पाटी निघाली. उपग्रह मर्यादेपेक्षा तेवीस ग्रॅमनं हलका होऊन जाग्यावर बसला आणि पुण्याचं कॉलेज वाट बघत राहिलं. रॉकेट मात्र ठरल्या दिवशी सुटलं नाही. मोठ्या गिऱ्हाइकाचं काहीतरी राहिलं होतं. उत्कर्षा हवालदिल झाली. हिंदुरावांनी तिला समजावलं, "पुडच्या शिटावरचा मानूस घरातनं निगायच्या येळंलाच इस्त्री करत बसतोय. तसंच असतंय." दहा दिवसांनी ते सुटलं. ते सुटताना हिंदुरावांनी वळसंगच्या फाट्यावर जीप उभी केली आणि पंधरा जणांनी एका मोबाइलवर डोकी घालून ते पाहिलं. पाहिलं म्हणजे तिघांनी पाहिलं, बाकीच्यांनी पुढच्याचं डोकं पाहिलं. बावीस जण एकेक करून उतरले. उत्कर्षाचा सतरावा. धक्का लागला नाही.

पण उतरला म्हणजे पोचला असं नाही. तो जिवंत आहे का, हे त्याच्या आवाजावरूनच कळणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी तो दक्षिणेच्या क्षितिजावरून सोलापूरवर येणार आणि आठ मिनिटांत निघून जाणार. या फेरीत बोलला नाही, तर पुढच्या फेरीपर्यंत त्याची बॅटरी टिकेल याची खात्री नव्हती.

हिंदुराव पावणेनऊला कॉलेजच्या गच्चीवर पोचले, तेव्हा उत्कर्षा लॅपटॉपसमोर दगडासारखी उभी होती. अभिमन्यू सर डोक्याला हात लावून खाली बसले होते. आणि दक्षिणेला, अँटेनाच्या अगदी तोंडासमोर, बारा फूट लांब आणि आठ फूट उंच असा लोखंडी पत्र्याचा बोर्ड उभा होता. त्यावर हातभर अक्षरांत 'मातोश्री गुरम्मा अवकाश संपर्क केंद्र' असं लिहिलं होतं. आदल्या संध्याकाळी मालकांनी तो गुपचूप बसवून घेतला होता. सगळ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, तो बसला होता.

"आप्पा, ह्या पत्र्यातून काही ऐकू येणार नाही," उत्कर्षा म्हणाली.

मालक नवा कोट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. त्यांना सगळं समजलं होतं आणि समजलेलं चेहऱ्यावर मावत नव्हतं. हिंदुराव जिन्यानं खाली गेले, जीपमधला पाना घेऊन वर आले आणि बोर्डाचे बोल्ट सोडवायला लागले. या वेळी 'मागची गाडी' काढायला वेळ नव्हता. शेवटचा बोल्ट निघाला आणि बोर्ड खाली गच्चीवर टाकायला सगळे पुढे झाले.

"थांबा!" मालक म्हणाले.

सगळे थांबले. नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"खाली ठेवायचा न्हाय. पायाखालची जागा हाय. अव्वाचं नाव हाय त्यावर." त्यांनी पेढ्यांचा पुडा कठड्यावर ठेवला आणि नव्या कोटाच्या बाह्या मागं सारल्या. "आपन धरू."

एका कोपऱ्याला मालक, त्यांच्या शेजारच्या कोपऱ्याला हिंदुराव, तिसऱ्याला सर, चौथ्याला शिपाई येडू. चौघांनी तो बोर्ड आडवा करून कमरेच्या उंचीवर धरला. चौघांनी मिळून असं काही धरलं की ते कसं दिसतं, हे प्रत्येकाला कळत होतं. येडूनं तोंड उघडलं, पण सरांनी त्याच्याकडे बघितल्यावर मिटलं.

नऊ बारा. लॅपटॉपमधून नुसती खरखर.

नऊ चौदा. खरखर. हिंदुरावांच्या बोटांतलं रक्त थांबलं होतं, पण ते मुलीच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ लहानपणी परीक्षेचा निकाल वाचताना व्हायची तशीच ताठ झाली होती.

नऊ पंधरा. खरखरीतून टिक असा आवाज आला. मग टिक टिक. मग सलग. उत्कर्षा ओरडली, "बोलला! आप्पा, बोलला!" आणि तिला हुंदका फुटला. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात नव्हता, म्हणून त्यांनी ते वाहू दिलं. हिंदुरावांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडलं असतं तर बोर्ड सुटला असता.

दिग्विजय मालकांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं.

"सोलापूरच्या मातीचा आवाज आज आभाळातून आला," ते म्हणाले. "ह्या जिल्ह्याच्या इतिहासात असला दिवस झाला न्हाय, आनि परत होनार न्हाय. हिंदुराव..."

"बोला मालक."

"तुमचा एकादा हात मोकळा होतोय का बगा की. ह्या नव्या कोटात मानेखाली लई खाजतंय."