ढगीची पाठ आणि माझी लाल रेघ

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही घोडा झाला आहात. पाठीवर खोगीर आहे, समोर चढाची पायवाट आहे आणि तुमचे सर्वांत जाडजूड काका हसत हसत तुमच्याकडे येत आहेत! आता उघडा डोळे. घाबरलात ना? घाबरू नका. मध्ये मी उभा आहे.

मी एक जुना वजनकाटा आहे. खाली उभं राहायला लोखंडी फळी, वर ताटाएवढी गोल तबकडी आणि तिच्यावर थरथरणारा काटा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या काचेत बघून लोक भांग पाडून घेत. बाजारात मी वर्षानुवर्षं गोण्या तोलल्या. "काटा असावा तर असा!" म्हणून माझी पाठ थोपटली गेली. मग आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. कोळ्याने माझ्यावर संसार थाटला. संपलं आपलं, असं मला वाटलं.

आणि तेवढ्यात कायदा आला!

त्याआधीची गोष्ट मला घोडेवाल्याने सांगितली. ढगी ही त्याची करडी, बुटकी घोडी. माणसांना टेकडीवर फिरवून आणायचं, हे तिचं काम. एकदा खोगिराखाली तिची पाठ सोलवटली. घोडेवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "आज नको दादा, तिला दुखतंय." गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे, तो पलीकडचा नेतो." पलीकडच्याच्या घोड्याची पाठही धड नव्हती, पण एकाने दया दाखवली की त्याची चूल विझायची आणि दुसऱ्याची पेटायची. म्हणून नाही म्हणायला कुणीच धजत नव्हतं.

मग नियम झाले, आणि तेही सगळ्यांना सारखे! जखमी जनावराला कामाला जुंपायचं नाही. दुपारच्या उन्हात त्याला सावली आणि पाणी द्यायचं. ठरलेल्या ओझ्यापेक्षा रतीभरही जास्त लादायचं नाही. जो मोडेल त्याचा परवाना जाईल. पण ओझं मोजणार कोण? जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला अडगळीतून ओढून काढलं, तेलपाणी केलं, तपासून घेतलं, टेकडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि माझ्या तबकडीवर एक लाल रेघ ओढली. "काटा हिच्यापुढे गेला की खाली उतरायचं!" मित्रांनो, म्हातारपणी सरकारी नोकरी! माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

पहिल्याच दिवशी एक मामा आले. पोट पुढे, मागे भाची. ती वाटभर "घोडा, घोडा" करत आली होती.

"आम्ही दोघं मिळून बसणार," मामा म्हणाले.

"आधी काट्यावर, साहेब," ढगीचा घोडेवाला म्हणाला.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" मामा गुरगुरले, पण भाचीला घेऊन चढले.

माझा काटा सरसर निघाला आणि रेघेच्या अगदी अलीकडे थांबला. मी चक्रावलो. एवढे मामा, आणि भार एवढाच? मग लक्षात आलं. मामांची लांब छत्री! तिचं टोक फळीबाहेर जमिनीवर रुतलेलं, आणि मामा तिच्यावर रेललेले! पण मी ओरडणार कसा? घोडेवाला तबकडीकडे बघत होता, मामा आभाळाकडे. ढगीच्या पाठीवर नुकती कुठे नवी कातडी धरली होती. तिने कान मागे टाकले.

खाली बघितलं ते फक्त भाचीने. तिने छत्रीकडे पाहिलं. मग ढगीकडे. बोललं तर रपेट हुकणार, हे तिला पक्कं कळत होतं.

"मामा, छत्री उचल ना."

"गप गं. तुला बसायचंय ना?"

"बसायचंय. पण उचल."

मामांनी छत्री उचलली, आणि माझा काटा टुणकन रेघेपलीकडे!

"चल, तो पलीकडचा नेईल आपल्याला," मामा तणतणत निघाले. पण पलीकडच्या घोडेवाल्याने लांबूनच माझ्याकडे बोट केलं. "आधी काट्यावर, साहेब!" त्याच्या पुढच्यानेही तेच सांगितलं. मी आनंदाने नुसता थरथरत होतो! इकडे घोडेवाला ढगीची आयाळ कुरवाळत हसला. आता नाही म्हणण्याचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नव्हता.

मामा परत आले, घाम पुसला आणि स्वतःच हसले. "बस बाई तू एकटी. मी येतो चालत. नाहीतरी तुझी मामी रोज हेच सांगते."

भाची एकटी चढली. माझा काटा रेघेपासून कितीतरी अलीकडे, निवांत! ढगी टपटप वर गेली, आणि तिच्यामागे मामा, धापा टाकत.

मित्रांनो, पाटीवर नियम लिहिला म्हणजे काम संपत नाही. मी गंजलो, किंवा कुणी वाकून बघितलंच नाही, तर माझी लाल रेघ म्हणजे नुसती नक्षी. म्हणून माझी काच अधूनमधून पुसा, आणि बघताना वरही बघा, खालीही बघा.

भाचीला ते सांगावं लागलं नाही. ती टेकडीवरून परतली तेव्हा एक भारदस्त काका काठी टेकत माझ्यावर चढत होते. ती ढगीवरून उतरली, धावत माझ्यापाशी आली, कमरेवर हात ठेवले, खाली वाकून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"काका, काठी वर!"