तळ्याची कड

तारनाक्याच्या आमच्या संस्थेने मला शहराबाहेरच्या एका गावात पाठवलं, तिथल्या पोरापोरींना तळं, झाडं, पाखरं शिकवायला. तेलुगू राज्याचे दोन तुकडे झाले, तेच ते वर्ष. कचेऱ्यांची वाटणी चालली होती, कुठली फाईल कुठे गेली कुणाला पत्ता नव्हता, आणि पावसानेही पाठ फिरवली होती. तळं आटून अर्ध्यावर आलेलं. उरलेल्या पाण्याच्या कडेने आम्ही कडुनिंबाची रोपं लावली. पुढच्या रविवारी पाहते तर निम्मी उपटलेली.

माझा संशय सरळ मौनिकावर गेला. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला शिकणारी, गटात सगळ्यांत हुशार, पण माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तिचं काही चोरून नेणार आहे. मीही काही कमी नाही. आमच्या घरात दूधवाल्यावरसुद्धा विश्वास टाकायची पद्धत नाही. सगळ्यांना उभं करून विचारलं. मग मौनिकाच मला वर, ताडांपाशी घेऊन गेली आणि पायाने माती उकरली. मातीत शिंपले होते. जिथे शिंपले तिथे कधीतरी पाणी, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"पानी यां तक आता, मॅडम," ती म्हणाली. "तुम नीचे झाडां लगाए. कल वांच कुंपण पडता. फिर ऊपर सब प्लॉटां."

रोपांची रेघ हिम्मतरावांनी आखून दिली होती. रोपं त्यांची, कुंपणाचे खांबही त्यांचेच, आणि संस्थेला देणगीही त्यांचीच. जमिनीचा धंदा करणारा माणूस तळ्यावर एवढा उदार का झाला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शहरातल्या नारायणगुड्याचे, आपले मराठी माणूस, एवढ्यावर मी भुलले. मला स्वतःचीच भयंकर चीड आली.

मी म्हटलं, उरलेली रोपंही काढू आणि इथे ताडांपाशी लावू. हिम्मतरावांना कळलं की माझी नोकरी गेलीच, हे उघड होतं. पण कुणी जागचं हललं नाही.

"पहले तुम," मौनिका म्हणाली.

खाली जाऊन मी वाकले आणि एक रोप मुळासकट ओढून काढलं. मान वर केली तर तिने मोबाईल माझ्यावर रोखलेला. हे कशाला, मी विचारलं.

"कल तुम पलट गए तो?"

फार लागलं ते. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"थांब," मी उन्हासाठी तोंडावर घेतलेली ओढणी बाजूला केली. "चेहरा नीट येऊ दे." आणि पुढच्या रोपाला हात घातला.