हुकमाला शून्य

‘ग्राहकाला हुकूम केल्यास शून्य गुण’ हा नियम माझाच. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरने मला सभ्य इंग्रजी शिकवायला बोलावलं. साल २००४. मुलं बहुतेक यवतमाळ, वर्ध्याकडची. ‘गिव्ह मी युअर नंबर’ असं दारावर थाप मारल्यासारखं बोलायची. मी त्यांच्याकडून ‘वुड यू माइंड’ आणि ‘कुड यू प्लीज’ इतकं घोटून घेतलं, की ती कॅन्टीनमध्ये चहाही तसाच मागू लागली. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

शंभू ढोके यवतमाळचा. दोन परीक्षांत नापास झालेला. त्या दुपारची तिसरी आणि शेवटची; त्यात गेला तर नोकरीही गेली. परीक्षा म्हणजे खरा फोन. तो बोलणार, मी शेजारी दुसरा हेडफोन लावून ऐकणार आणि गुण देणार.

फोन आला इंग्लंडमधल्या एका एकट्या म्हातारीचा. घर उबदार ठेवणारं गॅसचं यंत्र बंद पडलं होतं, दुरुस्तीची तारीख हवी होती. बोलता बोलता म्हणाली, सकाळपासून जरा वास येतोय.

शंभूने तिचा पत्ता पुढच्या टेबलावर सरकवला आणि तिथून तिकडच्या गॅस पथकाला निरोप गेला. मग मी शिकवल्याप्रमाणे त्याने विचारलं, खिडकी उघडायला आपली हरकत नाही ना? बाहेर फार गारठा आहे, नकोच, असं ती तितक्याच गोडीने म्हणाली. जमल्यास जरा बाहेर थांबाल का? तोवर चहा टाकते की, ती म्हणाली. हेडफोनमध्ये काडेपेटी खुळखुळली.

शंभूने माझ्याकडे पाहिलं. मी नजर गुणांच्या कागदावर वळवली. त्याची मला आजही लाज वाटते.

तो उभा राहिला. “नो. पुट दॅट डाऊन. गो आउट. नाऊ.” अख्ख्या मजल्याने माना वळवल्या.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. त्यानंतर फक्त तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. शंभू उभाच होता. अकरा मिनिटांनी एका माणसाने रिसीव्हर उचलला. तो पथकातला होता. बाई शेजारच्या घरी सुखरूप आहेत, घर गॅसने भरलं होतं, म्हणाला. आणि हो, इतक्या उद्धटपणे आपल्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, अशी त्यांची तक्रार आहे.

मी कागदावर शंभर गुण लिहिले. विभागप्रमुख आमोद तो वाचून मंद हसले.

“मॅडम, नियम आपलाच आहे. तक्रारही आली आहे. आपण गुणांचा पुन्हा एकदा विचार करू शकाल का?”

असली विनंती म्हणजे हुकूमच असतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण खिडकी न उघडायची मुभा त्या म्हातारीला होती, तशी नकार द्यायची मलाही होती.

“नाही,” मी म्हणाले. कागदावर छापलेल्या त्या नियमाच्या ओळीवर काट मारली आणि खाली सही केली. सही झालेला कागद तिथे बदलत नसत. शंभू नोकरीत राहिला. पुढच्या तुकडीला आपली गरज भासणार नाही, असं मला अत्यंत नम्र शब्दांत कळवण्यात आलं.

संध्याकाळी कंपनीची बस खच्चून भरली होती. मी दांडीला धरून उभी होते. शंभू खिडकीजवळच्या जागेवरून उठला. राहू दे रे, मी म्हणाले, तू दमला असशील.

“बसा बाई,” तो म्हणाला. “बसा म्हटलं ना.”

मी मुकाट्याने बसले.