दोरीमागचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. चाकणजवळच्या एका दगडी कचेरीत माझा सगळा जन्म गेला. शंभरेक वर्षांपूर्वी एका सुतारानं मला असं ठोकून बनवलं, की बैल बसला तरी मी हूं की चूं करणार नाही. साहेबांच्या दारात ताटकळणाऱ्यांना टेकायला जागा द्यायची, एवढंच माझं काम. कितीजण माझ्यावर बसून भाकरी खाऊन गेले, कितीजण रडून गेले! "बाक लय भारी हाय राव," असं कुणी म्हटलं की मी फुगायचो. पुढे माझा एक पाय मोडला आणि मला अडगळीत फेकलं. तिथं माझ्यावर कोंबड्या बसायच्या. कोंबडी तर कोंबडी, बसत तरी होती.

मग कचेरीचा जीर्णोद्धार निघाला. जुन्या भिंतींना चुना लागला, शेजारी चकचकीत काचेचं दालन उभं राहिलं. मला नवा पाय आला, पॉलिश झालं आणि त्या दालनात मधोमध मांडलं. मी हरखलो. तोच माझ्याभोवती लाल दोरी बांधली आणि पाटी लावली, 'ऐतिहासिक वस्तू. बसू नये.' घ्या! बाकावर बसायचं नाही, तर काय त्याची पूजा करायची?

परवा पुतळाबाई आल्या. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. वडिलांच्या जमिनीवरचं त्यांचं नाव काढावं म्हणून भाच्यानं, रविराजनं, अर्ज केला होता. त्याची ही शेवटची तारीख. पुकाऱ्याला हजर नसल्या, तर नाव गेलंच. खुर्च्या भरलेल्या, म्हणून त्या दोरी सारून माझ्यावर टेकल्या. किती वर्षांनी माणसाची ऊब लागली मला!

"ओ मावशी, उठा! पाटी दिसत नाय का?" सुरक्षारक्षक गणराज खेकसला.

"आरं, पाय लय दुखत्यात रं."

"मग बाहेर झाडाखाली बसा."

त्या निमूट गेल्या. त्यांना काळजी नव्हती. शिपाई ज्योतीराम दारात येऊन तीनदा पुकारा करायचा आणि तो पार रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. आजवर सगळे झाडाखालूनच उठून यायचे. पण नव्या दालनात ओरडायला बंदी. ज्योतीरामच्या हातात माइक दिलेला, त्याचा आवाज फक्त काचेच्या आत घुमणारा.

"पुतळाबाई हजर आहेत का?" त्यानं तीनदा विचारलं. काचेबाहेर अक्षर गेलं नाही. मला त्या समोर दिसत होत्या, दाराकडे कान लावून बसलेल्या. रविराजलाही दिसत होत्या. त्यानं सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "आत्या आलीच नाय, साहेब."

मेल्या, दहा पावलांवर बसलीय की! माझा जीव तुटला, पण लाकडाला कुठला आवाज?

दुपारी पुतळाबाई आत आल्या. "ज्योतीराम, माझा पुकारा कवा रं?"

"झाला की, मावशी. तीनदा."

"न्हाई रं! मी हितंच व्हते!"

ज्योतीरामनं हातातल्या माइककडे आणि मग बंद काचेकडे पाहिलं. पुतळाबाईंचा तोल गेला. त्यांनी माझा हात धरला.

"हात नका लावू," गणराज म्हणाला, "पॉलिश जाईल."

"चुकलं बाबा," म्हणत त्यांनी हात काढून घेतला आणि भिंत धरून धरून त्या गेल्या.

मित्रांनो, कधीतरी तुमच्या शाळेची सहल मला बघायला येईल. माझी पाटी वाचू नका, फोटो काढू नका. ती दोरी तेवढी सोडा आणि जो कुणी उभा राहून थकला असेल, त्याला माझ्यावर बसवा. माझं पॉलिश गेलं तर जाऊ द्या.