आतल्या माणसाला बोलतं ठेवा

लिफ्टदुरुस्तीच्या कामात पहिला नियम असा, की लिफ्ट अडकली तर आधी आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं. गप्प बसलं की माणूस घाबरतं, आणि घाबरलं की दार उचकटायला जातं. हे काम मला छान जमतं, असं कुणी सांगितलं तर माझी वहिनी हसून हसून लोळेल. तिने आजवर मला सात मुली दाखवल्या आणि सातही वेळा मी मिठाची गुळणी धरून बसलो. समोर चेहरा आला की माझी दातखीळ बसते. मध्ये दार असलं की मात्र तोंडाचा पट्टा थांबत नाही.

त्या दुपारी एक बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. लिफ्ट हाताने खाली घ्यायला दोघं लागतात, एक वर मोटरपाशी आणि एक दारापाशी. माझा जोडीदार मोटू दुसऱ्या कामावर होता, त्याला यायला पाऊण तास लागणार होता. तोवर माझं काम एकच, बोलणं.

"घाबरू नका," मी दारावर टकटक करत म्हणालो. "हवा भरपूर आहे, आणि लिफ्ट अशी पडत नसते."

"नक्की ना, काका?" आवाज थरथरत होता.

"काका? अहो, अडतीसचा आहे मी!"

"अगंबाई! मी सदतिसची." आणि ती रडता रडता हसली.

झालं. त्या हसण्यावर मी तिथल्या तिथे पाघळलो.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. "लोक नवा चष्मा परत आणतात, दिसत नाही म्हणून," ती म्हणाली. "निम्म्यांनी काच पुसलेलीच नसते." घरी वडील जेवायचे थांबले होते. हट्टी माणूस, हिच्याशिवाय घास घेत नाही. मग मीही वहिनीचं आणि सात मुलींचं सगळं सांगून टाकलं.

"सातवीशी काय बोललात?"

"पंखा वाढवू का, एवढंच."

"मग?"

"तो फुल्लच होता."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मोटू आला, वर गेला, चाक फिरवू लागला. लिफ्टला हिसका बसला की ती ओरडायची, "बोला ना, थांबू नका!" मी बोलत होतो, पण लक्ष सगळं दाराकडे होतं. आता दार उघडणार, आणि मग ही आठवी. मोटूला अजून जरा वेळ लागला तर बरं, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. बिचारी आत घामाघूम झाली असणार.

लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लागली. मी दार उघडलं. केस कपाळाला चिकटलेले, नाकावर चष्म्याचा वण, हातात पर्स घट्ट धरलेली. ती मला फार आवडली. मी काय केलं? सहीसाठी तक्रारवही पुढे केली.

तिने सही केली. "मघाचे तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"मग बोला की काहीतरी."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती थोडी थांबली, मग जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या चढली. संपलं, मी मनात म्हटलं.

ती पुन्हा खाली उतरली. माझ्याकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला, लिफ्टमध्ये शिरली आणि दार ओढून घेतलं.

"आता बोला," आतून आवाज आला. "पण लवकर हं, मला अजून भीती वाटतेय."

मी दाराला तोंड लावलं. "तुम्ही मला आवडलात. रविवारी चहाला भेटाल का?"

"भेटेन," ती म्हणाली. "आता उघडा दार."