दुसरा गडवा

"…म्हणते, आत अकरा लोक, मानीबाईचा ओम पाठीनं दार दाबून उभा व्हता, आन् बाहेरून…"

रुपाली एवढं बोलली आणि मघाशी गेलेली लाइन नेमकी तेव्हाच आली. चक्की घरघरली, पिठाचा धुरळा उडाला, आणि तिचे ओठ नुसते हलताना दिसत राहिले. रुपाली आमच्या गावच्या चक्कीवाल्याची सून. तिचा मावसभाऊ ओमच्याच कंपनीत आहे, म्हणजे खबर थेट तिथूनच आलेली. मी ज्वारीचा डबा तिथंच टेकवला आणि निघाले. पुढचं काय ऐकायचं राहिलं होतं? बाहेरून काय येणार, गोळ्याच येणार.

सकाळपासून पानठेल्यावरच्या टीव्हीत तेच चाललं होतं. पुण्याकडं मोटारीचे सुटे भाग भरायची एक कंपनी, तिथं कामावरून काढलेला एक माणूस पिस्तूल घेऊन आत शिरला आणि सुटला. दोघं मेले एवढंच टीव्हीवाले सांगत होते, नावं सांगत नव्हते. पानठेल्यावर ही गर्दी. कोणी म्हणे, "जेवणाचा डबा उघडून पाह्यते गेटवर, मंग पिस्तूल कसं गेलं?" कोणी म्हणे, मालकाचंच काही असेल. आमचे हे, नागोराव, बिडी विझवून म्हणाले, "आपल्याइकडे भांडण झालं तं लोक शिव्या देते, आयुष्यभर बोलत नाही, पण जित्ते ठेवते." लोक हसले, पण हसता हसता ज्याचं त्याचं बोट मोबाइलवरच होतं. तांड्यातल्या घराघरातलं एखादं पोरगं तिकडं आहे.

आमचं घर गावातलं शेवटचं, मानीबाईचं तांड्यातलं पहिलं. मधे एक नाली. आम्ही बुद्धाचे, ते गोर बंजारा, पण तिच्या चुलीवर काय शिजलं ते मला माझ्या ओट्यावरून कळतं आणि माझ्या घरात कोण रुसलं ते तिला. ओम माझ्या मांडीवर हगला-मुतलेला. बाप लवकर गेला, मानीबाईनं कापूस वेचून वाढवला. त्या दिवशी ती उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर फोन, आणि तो पोरगा फोन उचलत नव्हता.

मी नेहमीसारखं तिच्या पत्र्याच्या दारावर तळहातानं थापा मारल्या. दार उघडं असलं तरी मी मारतेच, कडी वाजवायची मला सवय नाही. म्हटलं, "मानीबाई, ऊठ! तुह्या पोरानं दार धरून ठेवलं, गोळ्या झेलल्या दारावर, आतल्या अकरा लोकायले जित्तं ठेवलं!"

तिनं एवढंच विचारलं, "ओम बरा हाय?"

"बरा म्हंजे? वाघ हाय!"

तिनं डोळ्याला पदर लावला. एवढ्या वर्षांत त्या बाईचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या आत ओमचा फोन आला, आवाज खोल गेलेला, पण होता. तोवर अकराचे पंचवीस झाले होते, आणि दारव्ह्यापर्यंत गोष्ट पोचली तेव्हा म्हणे चाळीस. मी कोणाला आकडा सांगितला नाही, मी अकराच म्हणत होते; पण अभिमानाची गोष्ट आहे, वाढली तर वाढली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. आत लपलेल्यांतल्या कोणीतरी काढलेला: अंधारी खोली, खोक्यांच्या चळती, आणि लोखंडी दाराला पाठ लावून, पाय समोरच्या खोकी ठेवायच्या घोड्यावर रोवून ओम. चेहरा अर्धाच दिसतो, पण पाठ आमच्याच ओमची, कापसाची गाठोडी उचलून उचलून रुंद झालेली. तांड्यातल्या पोरांनी त्यावर जोशातलं गाणं लावलं, वर वाघाचं चित्र, आणि ज्याच्या त्याच्या स्टेटसवर तेच. डोंगरसिंग नाईक म्हणजे तांड्याचे म्होरके, त्यांनी रस्त्यावर फलक लावला, त्यात ओमपेक्षा त्यांचाच फोटो मोठा. मानीबाईला फलक दाखवायला मीच घेऊन गेले. तिनं फलकावरच्या ओमच्या गालावरून हात फिरवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी थांबवून मी सांगत होते, ही त्याची माय.

मला मात्र रुपालीनं व्हिडिओ दिला तो बिनगाण्याचा. दुपारी ओट्यावर बसून मी तो पाहत होते, पुन्हा पुन्हा, कारण असं आपल्या माणसाचं रोज रोज दिसत नाही. आणि पाहता पाहता माझं लक्ष आवाजाकडं गेलं. दारावर आवाज होत होते. सगळे म्हणत गोळ्या, मीही म्हणत होते. पण गोळी काही दमानं येत नाही. हा आवाज यायचा, थांबायचा, जसं कोणी कान लावून पाहतं, मग पुन्हा यायचा. सपाट, मऊ, भरलेला. तसा आवाज कशाचा असतो ते मला कोणी सांगायला नको. तळहाताचा.

मी फोन पालथा ठेवला. म्हटलं, इंदूबाई, ऊन लागलं तुले.

ओम आला त्या दिवशी बसथांब्यापासून डफडं वाजत होतं. गुलाल, हार, पोरांच्या खांद्यावर ओम. पोरगा वाळला होता, आणि सारखा मागं वळून पाहत होता. मला वाटलं, सामान राहिलं असेल बसमध्ये.

आता तांड्यातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुरून कोणी आपलं आलं की त्यांच्या बाया गळ्यात पडून सुरात रडतात. ते दुःखाचं रडणं नाही, भेटीचं आहे. त्यात नावं घेतात, किती दिवस वाट पाहिली ते गातात. मेलेल्याचं रडणं वेगळं, त्याचा सूर वेगळा. नवखा माणूस फसतो. एक टीव्हीवाला आला होता, तो माइकमध्ये सांगू लागला की शोककळा पसरली, आणि नागोरावांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "बाप्पा, हे खुशीनं रडून राह्यले." एवढ्या वर्षांच्या शेजारानं मला दोन्ही सूर ओळखता येतात. आणि पाहुणे जितके, तितक्या गळाभेटी. कोणाला वगळलं तर तो मोठा अपमान.

मानीबाई ओमच्या गळ्यात पडली आणि असं रडली की माझाही पदर ओला झाला. मग तिनं त्याला सोडलं, एक पाऊल बाजूला सरकली, आणि पुन्हा हात पसरले. समोर कोणी नव्हतं. तिचे हात वर गेले, ओमसाठी गेले होते त्याहून जरा उंच, आणि कशावर तरी टेकावेत तसे टेकले. आणि ती पुन्हा रडली. तोच सूर, भेटीचा. हात खाली आले नाहीत. आपण हवेत हात धरले तर ते थरथरतात. तिचे थरथरले नाहीत.

बाया म्हणाल्या, मायचं काळीज आहे, भरून आलं. डफडं जोरात वाजलं. मी मात्र ओमच्या बाजूला उभी होते. तो त्या रिकाम्या जागेकडं पाहत होता आणि त्याच्या तोंडावरचा गुलाल तेवढा लाल राहिला होता, बाकी सारं पांढरं.

मानीबाईनं आतून पाणी आणलं. दोन गडवे. एक ओमच्या हातात दिला, दुसरा उंबऱ्याबाहेर ठेवला.

"याडी," ओम मायला हळूच म्हणाला, "मी एकटाच आलो वं."

"हाव बेटा," ती म्हणाली. "तू बैस."

त्या दिवसापासून दुसरा गडवा उंबऱ्याबाहेर रोज भरून ठेवलेला. मी सकाळी पाहायची तेव्हा काठोकाठ, दुपारी पाहायची तेव्हा रिकामा. कुत्रं पीत असेल, म्हटलं. पण कुत्रं गडवा पाडतं, आणि तो गडवा रोज उभा, शेणानं सारवलेल्या जागी, पाणी पिऊन माणूस ठेवतो तसा.

ओम घराबाहेर निघत नव्हता. लोक यायचे, फोटो काढायचे, लग्नाच्या पोरी सांगून यायच्या. तो हो-नाही म्हणायचा आणि लोक गेले की दार लावून घ्यायचा. एका दुपारी मी निवडायला तूर घेऊन बसले होते तर मानीबाईच्या पत्र्यावर थापा पडल्या. सपाट. थांबून. पुन्हा. मला आधी हसूच आलं की माझ्यासारखं दार वाजवणारी दुसरी कोण निघाली. वाकून पाहिलं तर दारात कोणी नाही. मानीबाई तर वावरात गेलेली. मी नाली ओलांडून गेले आणि सवयीनं माझाही हात दारावर पडला.

आतून काही घसटल्याचा आवाज आला. मग ओम बोलला, अगदी दाराला लागून, पत्र्याला पाठ लावून बसला असावा असा. "काकू, तू हायस काय?"

"मीच हाय रे. दार उघड."

"तू त्याच्यावाणी काहून वाजवतं?"

"कोणावाणी रे बेटा?"

दार उघडलं नाही. माझ्या पायाशी गडवा होता, रिकामा, आणि त्याचा काठ ओला.

सत्काराच्या दिवशी शाळेचं मैदान भरलं होतं. शाल, नारळ, डोंगरसिंग नाईकांचं लांबलचक भाषण. आमच्या गावातून आम्हीही सारे गेलो, पंचशीलाचा झेंडा घेऊन पोरं गेली, कारण ओम एकट्या तांड्याचा थोडाच होता? मी पहिल्या रांगेत मानीबाईजवळ बसले, आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती तिच्यापेक्षा फुगली होती. ओमला बोलायला उभं केलं. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"दार मी धरलं व्हतं," तो म्हणाला. "हे खरं हाय. पण बाहेरून—"

टाळ्या पडल्या. शिट्या, डफडं, घोषणा. तो बोलत होता, ओठ हलत होते, आणि मला एकदम चक्की आठवली.

मी उठले आणि मंडपाच्या मागं रुपालीला गाठलं. "त्या दिवशी तू पुढं काय म्हणाली व्हती वं? बाहेरून काय?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं. "काकू, तुमाले मी तवाच सांगत होती, तुमी थांबल्याच नाही. बाहेरून फुलचंद दार वाजवत व्हता. ओम्या उघड, ओम्या उघड म्हणे. आतले म्हणे, उघडशीन तं सारे मरू. ओमनं उघडलं नाही. दोघं मेले ना, त्यातला एक फुलचंदच."

फुलचंद. मारेगावकडचा. ओमच्या खोलीतला जोडीदार, मागच्या होळीला तांड्यात आला होता. मानीबाईच्या हातची भाकर खाऊन तिला याडी म्हणू लागला होता, होळीची गाणी, लेंगी, म्हणत नाचला होता. आणि आमच्याकडं चहाला आला तेव्हा दार त्यानं तळहातानं वाजवलं होतं, मी म्हटलंही होतं, हा तर माझाच भाऊ. उंच पोरगा. ओमपेक्षा जरा उंच.

तो मेल्याचं मानीबाईला कोणी सांगितलं नव्हतं.

अकरा लोक वाचवले हे माझ्या लेखी तेवढंच मोठं होतं. त्या दाराशी मी असते तर मीही धरलंच असतं, आणि जो म्हणतो मी उघडलं असतं त्यानं आधी तसं दार धरून दाखवावं. पण पोरगा आतल्या आत झिजत होता. जेवत नव्हता, दाराला पाठ लावून तिथंच झोपत होता, आणि मानीबाई मला विचारायची, "इंदूबाई, वाघ असा राह्यते काय वं?" पोर हातचं जाईल असं मला दिसत होतं.

म्हणून त्या सकाळी रुपाली चक्कीवरून पळत आली, पीठ भरल्या हातांनी, आणि तिनं सांगितलं ते ऐकून मी चप्पलसुद्धा घातली नाही. पोलिसांनी कामगारांना बोलावून कॅमेऱ्यातलं दाखवलं होतं. तिच्या मावसभावानं डोळ्यानं पाहिलं. फुलचंद पहिल्याच गोळीत पडला होता, मोठ्या गेटपाशी. पडला तो हललाही नाही. ओमनं दार लावलं ते त्याच्यानंतर.

मी थापा मारल्या नाहीत, हाक मारली. दार ओमनंच किलकिलं केलं, मी आत शिरले तशी त्यानं पुन्हा दाराला पाठ लावली. मानीबाई चुलीपाशी भाकर थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, फुलचंदचं जाणंही त्यातच आलं, ते मला थांबवता आलं नाही. "बेटा, तू कोणाले बाहेर ठेवलं नाहीस. तो तं आधीच गेलता. तुह्या माथ्यावर काहीच नाही रे. दार तू धरलंस ते खरं, बाकीचं सारं खोटं."

ओमचे खांदे हळूहळू खाली आले, त्यानं दाराला लावलेली पाठ काढली, दोन पावलं आत आला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. एवढी रुंद पाठ. मला पुन्हा तोच अभिमान दाटून आला, आणि मी म्हणणारच होते की चल, आता पोटभर जेव.

मानीबाईनं परातीतला हात काढला. तिला धक्का बसलेला दिसत नव्हता. ती उठली, पिठाचे हात पदराला पुसले, रांजणातून गडवा भरला आणि उंबऱ्याकडं जाता जाता, मला नाही, ओमला नाही, जरा थांबून, दाराकडं पाहत म्हणाली,

"मंग हे त्याले कोणी सांगतलं काय?"