तळाची जाळी

"बाहेर! एकूण एक बाहेर! बघत काय बसलात, निघा!"

पंपवाले काका एवढ्या जोरात कधी ओरडत नसत. पोहण्याच्या तलावातली तीस पोरं घाबरून काठावर चढली. झालं होतं एवढंच, की एक चिमुरडी कुडकुडत त्यांच्याजवळ येऊन म्हणाली होती, "काका, तिकडे खोल पाण्यात खालून कुणीतरी पाय ओढतं." काकांनी वाकून पाहिलं. तळाच्या भोकावरची स्टीलची जाळी गायब होती. त्याच भोकातून पंप पाणी खेचतो. जाळी असली की नुसतं पाणी जातं. नसली, की हात, पाय, केस, जे सापडेल ते तिथं असं चिकटतं की चार माणसांनी ओढलं तरी सुटत नाही. काकांनी धावत जाऊन पंप बंद केला.

भीती ओसरली तसा संताप चढला. एकतीस वर्षं हा तलाव त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता, आणि आता कुणीतरी भंगाराच्या चार पैशांसाठी पोरांच्या जिवावर उठलं होतं!

"तलावाच्या फाटकाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?" मॅनेजरनं विचारलं.

"दोघांकडेच, साहेब. एक माझ्याकडे, एक सफाईच्या बाईंकडे. आता मी तर नेणार नाही."

बाई कपडे बदलायच्या खोलीतली फरशी पुसत होत्या. त्या ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "अहो काका, मला पोहता तरी येतं का? एवढ्या खोल जाऊन मी जाळी काढीन?"

"दुसऱ्याकडून काढवली असेल! चोराच्या उलट्या बोंबा!"

पोरांच्या आया टॉवेल घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मॅनेजरनं बाईंना किल्ली ठेवून घरी जायला सांगितलं. बाईंनी कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या.

"संध्याकाळपुरती एखादी खिडकीची जाळी तारेनं बांधता नाही का येणार?" मॅनेजर म्हणाला.

"मापाची जाळी आणि मापाचे स्क्रू. नाहीतर तलाव बंद," काकांनी ठणकावलं, आणि ते जेवायला घरी गेले.

घरी पोचल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच होता. बायकोनं पानात भात वाढता वाढता विचारलं, "कुठली हो जाळी? ती गॅलरीत वाळत घातलीत ती का?"

काका उठले. गॅलरीच्या कठड्याला टेकून जाळी उभी होती, घासूनपुसून लख्ख. शेजारी वाटीत दोन स्क्रू जपून ठेवलेले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" बायको हसली. मग तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "अहो, सोमवारी सुट्टी म्हणून तुम्हीच नाही का काढून आणलीत? लिंबू लावून तासभर घासत बसला होतात. आठवत नाही?"

काकांनी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. सोमवारच्या जागी काही नव्हतंच. काल, मंगळवारी सकाळी पंप मात्र त्यांनीच चालू केला होता, तेवढं आठवत होतं. मंगळवारच्या चार बॅच झाल्या होत्या. ती चिमुरडी मंगळवारीही आली होती.

"अगं, हे असं आधीही होतं का माझं?"

बायको पदराशी चाळा करत राहिली. "गॅस दोनदा चालू राहिला होता. मला वाटलं, वय झालं, चालायचंच. आता कुणाला काही बोलू नका. गुपचूप बसवा आणि म्हणा, कुंपणाशी सापडली."

"आणि बाई? त्यांनी भिऊन फेकली, असंच म्हणतील लोक."

काकांनी जाळी टॉवेलात गुंडाळली. पान तसंच राहिलं.

मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी ती उघडी करून ठेवली. "मीच नेली होती, साहेब. घासायला. आणि विसरलो."

"अहो होतं असं, काका! बसवून टाका, पाचची बॅच आहे."

"होतं असं?" काकांचा आवाज फुटला. "पोर गेलं असतं, साहेब! आधी बाईंना बोलवा. आणि उद्यापासून पंपाला दुसरा माणूस बघा."

बाई आल्या. काकांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "चुकलं माझं, बाई. चोर मीच निघालो."

"चाळीस माणसांदेखत म्हणालात तुम्ही," बाई एवढंच बोलल्या. त्यांनी माफ केलं नाही, आणि काकांनीही माफीसाठी गळ घातली नाही.

काकांनी पंपाच्या बटणाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. "मी पाण्यात असताना ही कुणालाही द्यायची नाही." मग श्वास भरून ते खाली गेले. जाळी खाचेत बसवली, एक स्क्रू पिळला, वर आले. पुन्हा खाली, दुसरा. तिसऱ्यांदा जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी जाळीला हिसके देऊन पाहिले. ती तसूभरही हलली नाही. बाईंनी कुलूप काढलं, पंप सुरू झाला, पाच वाजता पोरांनी धडाधड उड्या मारल्या.

काका टॉवेल पांघरून बाकावर बसले होते. बाई शेजारून बादली घेऊन चालल्या होत्या. काकांनी त्यांना थांबवलं.

"बाई, जाळी बसवली ना मी?"

"बसवली, काका. दोन्ही स्क्रू घट्ट आहेत. हलवूनसुद्धा बघितलीत."

बाईंच्या आवाजात सकाळचा राग उरला नव्हता. तापात असलेल्या लेकराशी बोलावं तसं त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या होत्या.

"कितव्यांदा विचारतोय मी?"

बाईंनी बादली खाली ठेवली.

"पहिल्यांदाच, काका," त्या म्हणाल्या, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिल्या.